टाळ्या पडल्यावर

दवाखान्यात नवऱ्याला तपासणीसाठी आत पाठवून बाकावर बसलेल्या बाईनं शेजारच्या दोघांना आवाजावरूनच ओळखलं. स्टेजवर दारुड्यांची नक्कल करणारी ती जोडगोळी! त्यांना पाहून पोट धरधरून हसली होती ती.

“डोळे किती पिवळे झालेत रे तुझे!”

“तू येशूचे पाय धरलेस आणि सुटलास. दारूच्या थेंबालाही शिवला नाहीस.”

“बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी तुझ्या दारात आलो होतो. गुडघे टेकून म्हणालो, चल, दोघंही सोडू.”

“मला वाटलं, नवी नक्कल बसवतोयस. मी टाळ्या वाजवल्या.”

“हो. वाजवल्यास.”

“मग परत का नाही आलास, गड्या?”

“टाळ्या पडल्या की विंगेत जायचं, हीच सवय ना आपल्याला.”

“आता पुन्हा म्हण. फक्त माझे हात धरून ठेव.”