शेवटचं पान आधी

थोरली : ...तर ग्रंथपाल म्हणाले, "बाई, तुमच्याकडे गेलेल्या एकाही पुस्तकाची पानं गळालेली नाहीत. परत आलं की मी स्वतः चाळून बघतो." मी फोन ठेवला आणि तुझी वाट बघत बसले.

धाकटी : बरं.

थोरली : बरं काय? माझे डोळे गेल्यापासून तू मला कादंबऱ्या वाचून दाखवतेस. प्रत्येकीचं नेमकं शेवटचंच प्रकरण फाटलेलं?

धाकटी : फाटलेलं नव्हतं, ताई. मी वाचलं नाही.

थोरली : म्हणजे त्या बोटीवरच्या डॉक्टरीणबाईचं पुढे काय झालं, ते तुला माहितीये?

धाकटी : हो. शेवट मी घरी जाऊन वाचते. चहा घेत, निवांत.

थोरली : आणि मी इथे पडल्या पडल्या विचार करत्येय, ती किनाऱ्याला लागली की बुडाली.

धाकटी : तुला शेवट लागतोच. जन्मभर शेवटचं पान आधी वाचत आलीस.

थोरली : ती माझी सवय. कोण मरणार हे ठाऊक असलं, की तो जगतो कसा ते नीट दिसतं. माझ्या सगळ्या लाडक्या कादंबऱ्यांत मी मागच्या दारानंच शिरले.

धाकटी : आणि मला पुढच्या दारानं एकीतही जाऊ दिलं नाहीस. मी अर्ध्यावर आले, की दारातून मान घालून सांगायचीस, "ती विष घेते हं." मग पुढे वाचायचं कशाला? शेवटी मी पुस्तकं हातात धरणंच सोडलं.

थोरली : पोरपणातल्या चेष्टेचा सूड आंधळ्या बहिणीवर उगवतेस?

धाकटी : चेष्टेचा नाही. ह्यांचा.

थोरली : असं होय.

धाकटी : डॉक्टरांनी आपल्या दोघींनाच बाहेर बोलावून सांगितलं होतं. ह्यांना कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं आपलं. हे बरे होऊन फिरायला जायच्या गोष्टी करत होते, सायकल दुरुस्तीला टाकली होती. मी औषधं आणायला गेले, तेवढ्यात तू उशाशी बसून सांगून मोकळी. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. घास घेईनात. अजून थोडे दिवस निघाले असते, ताई.

थोरली : त्यांनी विचारलं होतं मला.

धाकटी : खोटं बोलू नकोस.

थोरली : म्हणाले, "तुम्ही शेवट आधी वाचणाऱ्या. तुम्ही तरी खरं सांगाल." तुला विचारायची सोय कुठे होती? उजाडलं की तू समोर हसत उभी. आज चेहरा किती छान दिसतोय म्हणून.

धाकटी : अजून काय म्हणाले?

थोरली : राहू दे ते.

धाकटी : सांग.

थोरली : आधी डॉक्टरीणबाईचं सांग.

धाकटी : बुडते. किनारा दिसत असताना. आता बोल.

थोरली : म्हणाले, "दुपारी तिला तुमच्याकडे बोलावून घेत जा. ती समोर बसली, की मला बरं होत असल्याचं नाटक करावं लागतं. दमतो मी."



धाकटी : म्हणजे पुस्तकांची कपाटं आवरायला म्हणून बोलवायचीस मला...

थोरली : आवरलेलीच असायची. तू पुसून लावून गेलीस, की मी पुन्हा विस्कटून ठेवायचे. उद्या तुला काम हवं ना.

धाकटी : मला वाटायचं, माझं मन रमावं म्हणून करतेस.

थोरली : मी कधी म्हटलं तसं?

धाकटी : नाही. म्हटलं नाहीस.

थोरली : रडतेस का? नुसत्या आवाजावरून कळत नाही मला.

धाकटी : ताई, हे गेले त्या दुपारीही मी इथेच होते.

थोरली : हो. खालची फळी तेवढी राहिली होती तुझी.