सुवर्णाची नऊ वर्षं आणि मी दिलेलं पत्र

बसा. पुढे जागा आहे, दारात गर्दी करू नका. कैलास, तूही बस. तुझ्या वडिलांना खुर्ची दे, त्यांना खाली बसवू नकोस.

मंडळी, नाशिकरोडला मी एकतीस वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला, पुढे त्याचाच कॉम्प्युटरचा वर्ग झाला. बोलण्याची मला सवय आहे. वर्गात कुणी कुजबुजलं तरी मला चालायचं नाही. आज मात्र घरून लिहून आणलं आहे. लिहिलेलं नसतं, तर मी मधला एक भाग गाळला असता. तो गाळायचा नाही, म्हणून कागद.

सुवर्णाला जाऊन आज तेरा दिवस झाले. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. चौतीस वर्षांची होती. इथे मखमलाबादच्या मळ्यात कैलासची बायको म्हणून तिला सगळे ओळखतात, पण ती काम काय करायची ते किती जणांना ठाऊक आहे? इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. तिच्या सासऱ्यांनी, दामूअण्णांनी, ते मला याहून चांगलं सांगितलं होतं. म्हणाले, "आमची सून कॅनडातल्या बाईचं कपाट आवरती. हितं बसून. अन् त्या बाईला कपाटात काय हाय त्ये आमच्या सुनंला इचारावं लागतं."

अगदी तसंच होतं. परदेशातल्या, पुण्या-मुंबईतल्या लोकांच्या पत्रांचा, भेटींचा, प्रवासाचा पसारा ती इथून आवरायची. ती कुणाची नोकर नव्हती. स्वतःचं काम स्वतः मिळवायची. आणि नंतर हे काम तिने आणखी पाच जणींना शिकवलं. त्या पाचही समोर बसल्या आहेत. मुलींनो, आज मी मुख्यतः तुमच्याशी बोलणार आहे.

चार वर्षांपूर्वी सुवर्णा माझ्याकडे आली. लग्नाआधी माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "बाई, असं असं काम असतं. गिऱ्हाईक मिळवायचं कसं?" मी म्हटलं, "कसं म्हणजे? बायोडाटा पाठवायचा."

मी तिचा बायोडाटा केला. माझ्या पद्धतीने. नाव, वडिलांचं नाव, पतीचं नाव, जन्मतारीख, शिक्षण, छंद वाचन आणि भरतकाम. कोपऱ्यात फोटो. खाली ती ओळ, जी मी शेकडो मुलींना लिहायला लावली: वरील सर्व माहिती खरी आहे. आणि सही. हे आम्ही कॅनडाला पाठवलं! तिकडच्या माणसाला हिच्या वडिलांचं नाव घेऊन काय करायचं होतं, देव जाणे.

कुणाचं उत्तर येईना. शेवटी एकीचं आलं. हेलन नावाच्या बाई. त्यांनी एकच विचारलं. बारावीनंतरचा कोर्स आणि आजचा दिवस यांच्यामध्ये नऊ वर्षं रिकामी दिसतात. त्या वर्षांत तुम्ही काय केलंत?

सुवर्णा तो कागद घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "बाई, काय लिहू? सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, असं लिहू?"

मी म्हटलं, "हे काय बायोडाटात लिहायचं असतं?"

"मग नऊ वर्षं मी कुठं होते म्हणून सांगू?"

आता तो भाग आला, जो मी गाळला असता.

मी कपाट उघडलं. संस्थेचा छापील कागद काढला. त्यावर लिहिलं की सुवर्णाने आमच्या संस्थेत नऊ वर्षं कार्यालयीन सहायक म्हणून काम केलं, ती प्रामाणिक व कार्यक्षम आहे. सही केली. शिक्का मारला.

मंडळी, सुवर्णाने माझ्याकडे नऊ दिवससुद्धा काम केलेलं नाही. ते पत्र खोटं होतं. तिने मागितलं नव्हतं. मी दिलं. ती म्हणाली, "बाई, हे बरोबर आहे का?" आणि मी, जी वर्गात एकही चूक खपवून घेत नसे, ती मी म्हटलं, "सगळे देतात. घे."

काम मिळालं. हेलनबाई खूश होत्या. एकदा त्यांनी तिला लिहिलं, तुमच्या कामात नऊ वर्षांचा अनुभव दिसतो. सुवर्णाने ते मला वाचून दाखवलं. मला वाटलं, आनंदाने दाखवते आहे. मी हसले. ती हसली नाही.

त्यानंतर तिने कुणालाही बायोडाटा पाठवला नाही. मी रागवायची. ती म्हणायची, "बाई, बायोडाटा नोकरी मागणाऱ्याने द्यायचा. मी नोकरी मागत नाही. नळ गळतो म्हणून प्लंबर बोलावला, तर त्याची दहावीची मार्कशीट बघता का तुम्ही?"

मी म्हणायची, "प्लंबर समोर उभा असतो. तू इथे मखमलाबादला. त्यांनी विश्वास ठेवायचा कशावर?"

"गळायचं थांबलं का, त्यावर."

आणि ती तसंच करायची. नव्या गिऱ्हाइकाला लिहायची, तुमच्याकडे जो सगळ्यात वाईट गुंता असेल तो एक मला द्या. आठवड्याने बघा, मग ठरवा. बस, एवढंच. शिक्षण नाही, छंद नाही, फोटो नाही. हेलनबाईंनंतरची पाचही कामं तिने अशीच मिळवली. मी तरी म्हणत राहिले, हा उद्धटपणा आहे, माणसाने आपली माहिती रीतसर द्यावी. आता कळतं. तिला बायोडाटाची लाज वाटत नव्हती. तिला त्याची भीती वाटत होती. एकदा रीतसर माहिती दिली होती ना तिने. माझ्या शिक्क्याची.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. हातात इंग्रजीत लिहिलेलं पत्र, हेलनबाईंना. सगळं खरं. मला म्हणाली, "बाई, पाठवू का? तुमचं नाव येतंय त्यात, म्हणून विचारायला आले. लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील?"

मी काय म्हणायला हवं होतं? तुम्हीच सांगा.

मी म्हटलं, "तुझं काम चांगलं आहे ना? मग गप्प बस. जुनं उकरू नकोस."

तिने पत्राची घडी घातली. "बरं, बाई," म्हणाली. वर्गात म्हणायची, तसंच.

माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही. ती घडी घालते. बोटाने घडीवर दाबते. आणि जाते. चपला घालताना मागे वळून म्हणते, "गोळी घेतली का?" कारण माझी रक्तदाबाची गोळी मी विसरते, म्हणून तिने माझ्या फोनवर रोजची आठवण लावून दिली होती. सकाळी आठला तिच्या नावाने येते: बाई, गोळी. नाश्त्याच्या आधी. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आठला फोन वाजला. तिचं नाव. बाई, गोळी. तिसऱ्या दिवशी वाजला. आज सकाळी वाजला. या पाचजणींतली रेखा म्हणाली, बंद करून देते. मी म्हटलं, हात लावू नकोस. रोज सकाळी ती मला हाक मारते आणि मी तिच्यासमोर पाण्याचा पेला धरून उभी असते, वर्गाबाहेर उभी केलेल्या मुलीसारखी.

तशी मी एकटी नाही. हेलनबाईंना दर सोमवारी सुवर्णाकडून आठवड्याच्या कामांची यादी जायची. कैलास, तू सांगितलंस ना मला, की शुक्रवारी सलाईन लावलेल्या हाताने ती फोनवर काहीतरी करत होती आणि तू ओरडलास? ती यादी करत होती. सोमवारी सकाळी आपोआप पोचेल अशी लावून ठेवली. शनिवारी ती गेली. रविवारी रेखाने हेलनबाईंना कळवलं. आणि सोमवारी त्यांना सुवर्णाची यादी मिळाली. शेवटी लिहिलेलं, हा आठवडा फार धावपळीचा नाही, जरा विश्रांती घ्या.

त्या बाईंनी मग मला पत्र लिहिलं. माझा ईमेलचा पत्ता त्यांच्याकडे होता, त्या खोट्या पत्रावरचाच. लिहितात, मेलेल्या माणसाने मला विश्रांती घ्यायला सांगितलं, मला दिवसभर काही सुचलं नाही. तुम्ही तिला नऊ वर्षं रोज पाहिलंत. ती तेव्हा कशी होती? मला सांगाल का? मला वाचायचं आहे. आणि तिचं काम मी रेखाला द्यायला तयार आहे, तुमचा शब्द असेल तर.

कशी होती ती, त्या नऊ वर्षांत?

मला काय माहीत! त्या वर्षांत मी एकदाही इथे आले नाही. म्हणून मी दहाव्यानंतर गंगेवरून, गोदेच्या घाटावरून, परस्पर इथे मळ्यात आले आणि दामूअण्णांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, म्हातारी नऊ वर्षं अंथरुणात व्हती, पाठीला एक जखम नाय झाली." सुवर्णाने भिंतीवर तक्ता लावला होता. कोणत्या वेळी कोणत्या कुशीवर, कोणती गोळी, मालिशवाली कधी येणार, कोणती जाऊ कधी बसणार. आणि तिथेच, सासूच्या उशाशी बसून, ती मळ्याच्या फुलांच्या मागण्या घ्यायची. कोणत्या देवळाला किती झेंडू, कोणत्या लग्नाला शेवंती, कुणाचा मुहूर्त कितीचा. "एकबी हार मांडवात उशिरा गेला नाय," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही कधी इचारलं नाय तिला?"

नाही, अण्णा. नाही विचारलं. ज्या वर्षांना मी रिकामी म्हटलं, ती तिचं शिक्षण होती. ती खरी वर्षं पुसून मी त्यावर माझा शिक्का मारला.

आता रेखा. रेखा हरसूलची, पंचवटीत भाड्याने राहते, बारावीचे दोन विषय राहिलेत. हे मी तिला विचारून सांगते आहे. दहाव्याला गंगेवरच, घाटाच्या पायऱ्यांवर, तिने मला बाजूला घेतलं. "बाई, मला पण एक पत्र द्या ना. दोन वर्षांचं चालंल. सुवर्णाताईला दिलं व्हतं तसं. तुमचा शिक्का लय चालतो."

सुवर्णा जाऊन दहा दिवस झाले होते आणि माझं पाप पुढच्या मुलीने रांगेत उभं राहून मागितलं.

मी म्हटलं, "नाही देणार. आणि हेलनबाईंना खरं लिहिणार आहे."

"मग काम जाईल, बाई."

"गेलं तर गेलं."

"तुमचं काय जातंय?" रेखा म्हणाली. तोंडावर म्हणाली. बरोबर म्हणाली. माझं काय जाणार होतं? निवृत्त बाईचं नाव. तिची खोली जाणार होती, भावाची फी जाणार होती. मी घरी येऊन दोन दिवस फोनला हात लावला नाही. मला मोह झाला, मंडळी. एकच ओळ लिहायची होती. सुवर्णा फार गुणी होती, रेखाही तशीच आहे. कुणाला कळणार होतं?

पण ती पाचवी मुलगी आहे, तिच्यानंतर सहावी येईल. सगळ्या माझ्या नाहीतर आणखी कुणाच्या शिक्क्यामागे उभ्या राहतील आणि "बरं, बाई" म्हणून घडी घालतील. मुलींनो, तुम्ही मला विचारता, बायोडाटा पाठवू का नको. ऐका. कुणी मागितलाच तर एक पान द्या, खरं. नऊ वर्षं सासूचं केलं तर तसं लिहा, फुलांच्या मागण्या सांभाळल्या तर तसं लिहा. पण काम मागायला जाताना तो कागद पुढे करू नका. तो नोकराला उभं करून विचारण्यासाठी बनलेला कागद आहे. तुम्ही कुठे होतात, का थांबलात, लग्न कधी झालं. त्याने माझ्या हुशार मुलीला खोटं बोलायला लावलं. नाही, चुकले. मी लावलं. काम दाखवा. तिचं ऐका, माझं ऐकू नका.

काल रेखा घरी आली. मी पत्र लिहिलं, तिने टाइप केलं. त्यात सुवर्णाची नऊ वर्षं आहेत, दामूअण्णांनी सांगितली तशी. माझं खोटं पत्र आहे. सुवर्णाला खरं सांगायचं होतं आणि मी अडवलं, तेही आहे. टाइप करताना रेखा थांबली. म्हणाली, "हे पण लिहायचं?" म्हटलं, "लिही." शेवटी तिने स्वतःबद्दल काय जोडलं माहीत आहे? शिक्षण नाही, अनुभव नाही. पुढच्या सोमवारची यादी स्वतः करून जोडली. "गेलं काम तर गेलं," म्हणाली. "यादी तर जाऊ द्या. त्यांचा आठवडा अडकंल."

आज दुपारी पत्र गेलं. उत्तर नाही. कसं येणार, तिकडे रात्र होती. आता इथे साडेपाच झालेत. तिकडे उजाडलं आहे. सुवर्णा सांगायची, हेलनबाई उठल्या की चहाच्या आधी पत्रं बघतात.

सुवर्णा, मला तुझी क्षमा मागायची आहे आणि ती द्यायला तू नाहीस. दुसऱ्या कुणाकडून ती मी घेणार नाही.

उठा सगळे. दामूअण्णा, तुम्ही बसून राहा. रेखा, इकडे माझ्याजवळ ये, हात दे. आपण दोन मिनिटं गप्प उभं राहू. तेवढ्यात कदाचित ती बाई ते वाचत असेल.