डावं दार

गॅरेजच्या बाहेरच्या खोलीत मी माझ्या गाडीची वाट पाहत बसले होते. शेजारी एक भाऊ-बहीण होते. काचेपलीकडे त्यांच्या वडिलांची जुनी पिवळी स्पोर्ट्स कार उभी होती आणि तपासनीस तिच्या पत्र्यावर जागोजागी एक छोटं यंत्र टेकवत होता.

“दादा, काय करतोय तो?”

“रंगाचा थर मोजतोय. या पिवळ्या रंगाच्या गाड्या मोजक्याच निघाल्या. त्यात रंग कंपनीचाच असला, तर लोक जीव टाकतात. म्हणून तर जाहिरातीत लिहिलं, एकदाही रंगवलेली नाही.”

“आणि नंतरचा रंग अगदी हुबेहूब असला तर?”

“यंत्राला कळतं. का गं?”

“जाहिरातीतलं ते वाक्य काढून टाकू या?”

“आता? घेणारे दारात उभे आहेत! आणि बाबांनी कुणाला हात तरी लावू दिला का गाडीला?”

“मला दिला होता. तू होस्टेलला होतास तेव्हा. डावं दार फाटकाला घासलं मी. त्यांनी गुपचूप रंगवून आणलं. म्हणाले, दादाला बोलू नकोस, तो घर डोक्यावर घेईल.”

“हे आत्ता सांगतेस?”

“चिडलास?”

तेवढ्यात तपासनीस आत आला.

“दोन ठिकाणी रंग मूळचा नाही. डावं दार आणि बॉनेट. घेणाऱ्यांना काय सांगू?”

“बॉनेट? नाही हो, फक्त दारच! दादा, सांग ना यांना.”

“बॉनेट माझ्यामुळे. तुझ्या लग्नाच्या धावपळीत ठोकली मी. बाबा म्हणाले, तिला कळू देऊ नकोस, उगाच रडत बसेल.”