भिंतीवरचं वचन

जगतपुऱ्याच्या दवाखान्यात संपदा आपल्या नंबरची वाट पाहत होती. समोर शाळेच्या गणवेशातली मुलगी गुडघा धरून बसली होती, शेजारी तिचे वडील. जयपुरात मराठी कुणाला कळणार, या भरवशावर दोघं मोकळेपणी बोलत होती.

“सावनी, आईला सांगू, शाळेच्या ट्रिपमध्ये म्युझियमच्या पायरीवर घसरलीस.”

“नाही बाबा. शांती संग्रहालयातून निघताना प्रत्येकाने भिंतीवर एक वचन लिहिलं. मी लिहिलं, खोटं बोलणार नाही.”

“दुसरं काही सुचलं नाही? झाड लावीन, पाणी वाचवीन?”

“ते सगळ्यांनी आधीच लिहून टाकलं होतं.”

“मग नुसतं पडले म्हण. सायकलचं नाव कशाला?”

“आई विचारणारच. ट्रिप नदीकाठच्या सायकल ट्रॅकवर गेली की नुसतं बसायचं, सायकलला हात लावायचा नाही, असं तिने बजावलं होतं. आणि तुम्ही गुपचूप सरांना फोन करून सांगितलंत, चालवू द्या!”

“हळू बोल. मजा तरी आली ना?”

“खूप! मतलब, पूर्ण ट्रॅकवर मीच पुढे होते. सायकल स्टँडला लावताना पडले.”

फोन वाजला.

“आईचा आहे. घे.”

“तुम्हीच घ्या. वचन मी दिलंय, तुम्ही कुठे दिलंय?”

वडिलांनी फोन कानाला लावला.

“हॅलो, प्रतिमा? हो, ट्रिप छान झाली. ऐक, सावनी सायकलवरून पडलीये. थोडंसं खरचटलंय. नाही, तिला ओरडू नकोस. सरांना मीच सांगितलं होतं. हो, घरी आल्यावर मला बोल.”

त्यांनी फोन खिशात टाकला.

“आता हसतेस काय?”

“मी नाही बाबा, त्या समोरच्या आंटी हसतायत. त्यांना मराठी येतं.”