निकेलवाले समुद्रावर

आमच्या काळी कालगुर्लीत, ऑस्ट्रेलियातल्या या खाणींच्या गावात, कंपन्या बुडायच्या, धंदा बदलत नसत. परवा दवाखान्यात शेजारी एक नवराबायको बोलत होते.

“तुमची निकेल शोधणारी कंपनी आता समुद्रात तेल कसं शोधणार, क्लाइव्ह?”

“साहेब म्हणतात, भोक पाडणं तेच.”

“तू तर दगड चाटून बघतोस.”

“ओला केल्याशिवाय धातूचे कण दिसत नाहीत, नोरीन.”

“मग आता समुद्र चाटणार?”

“मीही तेच विचारलं. हसले, आणि सोमवारी बोटीवर या म्हणाले.”

“पोहता येत नाही, हे सांगितलंस?”

“त्यांनी कुठे विचारलं? नाही गेलो तर नोकरी जाईल. तूच सांग, काय करू?”

“मला तरी काय कळतंय?”

“तेल सापडलंच तर?”

“इतकी वर्षं निकेल सापडलं नाही, तेव्हा शुक्रवारी घरी तरी येत होतास.”