आत्यानं पेन खाली ठेवला तवा

नागपूरले नर्सिंगले माहा नंबर लागला, पण फीसाठी कर्ज मागाले गेलो, तर बँकेतले साहेब म्हणाले, "तुझ्या घरी कोणीच कधी कर्ज घेतलं नाही, म्हणून भरवसा ठेवाले आमच्याकडे रेकॉर्डच नाही. पक्क्या पगाराचा सहकर्जदार आण."

बाबा शेतमजूर. त्याईनं रामाकोना गावाहून आत्याले बोलावलं. आत्या शाळेत चपराशी आहे. बाबा तिले म्हणाले, "काही नाही बाई, साक्षीदाराची सही करा लागते."

बँकेत आत्यानं पेन उचलला, तसे साहेब म्हणाले, "ही साक्ष नाही. पोरीनं हप्ते भरले नाही, तर ते तुम्हाले भरा लागतीन."

आत्यानं पेन खाली ठेवला अन् बाहेर निघून गेली. बाबाईनं मान खाली घातली. मले वाटलं, गेलं आपलं नर्सिंग.

पाच मिनिटांनी आत्या परत आली. चहाच्या टपरीवर विसरलेला चष्मा आणाले गेली होती!

"दादा, साक्षीदाराची सही मी न वाचता केली असती," ती बाबाले म्हणाली. "पण आता मी पोरीसंग बांधल्या जाऊन राहिली."

तिनं पानन् पान वाचलं, दोनदा साहेबाले विचारलं, मंग सही केली. माहा जीव भांड्यात पडला.

पेन परत देत ती मले म्हणाली, "आता मन लावून शीक. पण माह्या पगारावर डोळा ठेवू नको!"