धप्प आवाज

अमेरिकेत, मिझुरीतल्या आमच्या गावात, कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. समोर म्हातारा व्हर्लिन आणि त्याच्या कानाशी ओरडून बोलणारी त्याची बायको नेल्डा.

“बंदुकीची काळी दारू ठासायच्या माझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा बार जाड असतो, नेल्डा. नुसता धप्प! कानाला टोचत नाही.”

“म्हणून तीस वर्षं कानांत बोळे घातले नाहीस.”

“बोळे नाजूक माणसं घालतात.”

“मंगळवारी मी तळघराच्या जिन्यावरून पडले. तासभर तुला हाका मारत होते.”

“मी वरच होतो की!”

“माहीत आहे. रिव्हॉल्व्हर पुसत शीळ घालत होतास. मला खाली ऐकू येत होती.”

“मग वर कशी आलीस?”

“रस्त्यापलीकडच्या ऑर्फाबाईंना माझी हाक ऐकू गेली. ब्याण्णव वर्षांच्या आहेत त्या.”

“जाणारच! त्यांनी जन्मात कधी बार काढलाय?”